दक्षिण आफ्रिकेतील वाफेची इंजिने ओळखताना या चुका टाळा

जुन्या रेल्वे-छायाचित्रांचा संग्रह करणाऱ्या मराठी हौशी मंडळींकडे दक्षिण आफ्रिकेतील छायाचित्रे बरीच असतात. पश्चिम युरोपातील मुख्य मार्गांवरून वाफ जवळजवळ हद्दपार झाल्यानंतरही, १९७० आणि १९८०च्या दशकांत तेथे प्रचंड इंजिने रोजच्या कामावर धावत होती आणि ती टिपण्यासाठी जगभरातून लोक रंगीत फिल्म घेऊन जात होते. अडचण छायाचित्रांची नाही, त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळींची आहे. आपला डोळा डब्ल्यूपी, डब्ल्यूजी आणि वायपी या भारतीय वर्गांची इंजिने पाहून तयार झालेला असल्यामुळे आपण तिकडच्या इंजिनाला नकळत इकडचे नियम लावतो, आणि मग गेज (दोन रुळांमधले अंतर), वर्ग, काळ, कधी कधी तर गाडीची दिशाही चुकते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांपैकी निदान दोन मी स्वतः केलेल्या आहेत.

रूळ अरुंद म्हणून इंजिन लहान

दक्षिण आफ्रिकेचे मुख्य मार्ग १०६७ मिलिमीटरचे, म्हणजे साडेतीन फुटांचे आहेत. आपल्याकडे १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजनंतर थेट १००० मिलिमीटरचे मीटरगेज येत असल्यामुळे तिकडचे रूळ पाहून हात आपोआप ‘मीटरगेज’ असे लिहून जातो. ६७ मिलिमीटरचा फरक छायाचित्रात दिसत नाही, हे खरे. परंतु तो इतका खरा आहे, की टांझानियात मीटरगेज आणि टाझाराचा, म्हणजे टांझानिया–झांबिया रेल्वेचा, १०६७ मिलिमीटरचा मार्ग जेथे एकमेकांना भेटतात, त्या किदातूला माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागतो. या मापाला ‘केप गेज’ म्हणतात आणि तेच नाव लिहावे.

त्याहून मोठी चूक म्हणजे अरुंद रुळांवरून इंजिनाचा आकार ठरवणे. मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीने १९२९मध्ये बांधलेली जीएल वर्गाची इंजिने दोनशे टनांहून अधिक वजनाची होती. म्हणजे ब्रॉडगेजवरील आपल्या डब्ल्यूपीपेक्षा, तिचे टेंडर (मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा) धरूनही, जड. त्या देशात छोटी गाडीही आहे, पण ती ६१० मिलिमीटरच्या रुळांवर, म्हणजे आपल्या नेरळ–माथेरानच्या मापावर चालते, आणि तिची इंजिनेही अंगाने चांगली भरलेली असल्यामुळे केवळ रूपावरून ती मोठ्या मार्गावरची वाटू शकतात.

अशा वेळी इंजिनाशेजारी उभा असलेला माणूस शोधावा. १५एफ किंवा २५एनसी वर्गाच्या चालकचाकाचा, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणाऱ्या मोठ्या चाकाचा, व्यास १५२४ मिलिमीटर आहे, म्हणजे शेजारी उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरच्या खांद्याच्या आसपास चाकाचा वरचा काठ येतो. ६१० मिलिमीटरच्या मार्गावरील एनजीजी१६चे चाक ८३८ मिलिमीटरचे असल्यामुळे ते त्याच्या कमरेच्या वर जात नाही. तेलाची झारी हातात घेतलेला एक माणूस चौकटीत असला, की गेजचा प्रश्न सुटतो.

‘जी’ म्हणजे मालगाडी नव्हे

आपल्या वर्गनामात पहिले अक्षर गेज सांगते आणि दुसरे काम, त्यामुळे डब्ल्यूजीमधला ‘जी’ मालगाडीचा. दक्षिण आफ्रिकेत तोच ‘जी’ गॅरट या जोडइंजिनाच्या रचनेचा असतो (ती पुढे समजावली आहे). जीएल, जीएफ, जीएमए ही सर्व गॅरट इंजिने आहेत. त्यांनी प्रवासी गाड्याही ओढल्या. ‘एनजी’ म्हणजे ६१० मिलिमीटरचा अरुंद मार्ग, म्हणून एनजीजी१६ हे त्या मार्गावरील गॅरट. ‘एस’ शंटिंगचा, म्हणजे यार्डात डबे हलवण्याच्या कामाचा. बाकीच्या इंजिनांना आकडे आहेत आणि आकड्यापुढचे अक्षर उपप्रकाराचे. मात्र १५एआरसारख्या नावातील शेवटचा ‘आर’ मूळ बॉयलर काढून प्रमाणित बॉयलर बसवल्याचे सांगतो, म्हणून १५ए आणि १५एआर यांना एकच समजू नये.

चाके मोजताना

४-८-४ या लिखाणात पुढची लहान, मधली चालक आणि मागची लहान चाके क्रमाने मोजलेली असतात आणि दोन्ही बाजूंची चाके धरलेली असतात, छायाचित्रात एकच बाजू दिसते. म्हणून दिसलेल्या चाकांची दुप्पट करावी. ही चूक नवखेच करतात. गॅरटच्या बाबतीत मात्र जाणकारही फसतात.

गॅरटमध्ये बॉयलर एकच असतो आणि तो पुढच्या व मागच्या अशा दोन इंजिन-गाड्यांच्या मध्ये पुलासारखा टेकवलेला असतो. पुढची पाण्याची टाकी पुढच्या गाडीवर, मागची टाकी आणि कोळसा मागच्या गाडीवर. नागपूरचे नाव मिरवणाऱ्या बेंगॉल नागपूर रेल्वेकडेही अशी इंजिने होती, पण तिच्या एन वर्गाची चाके ४-८-०+०-८-४ अशी होती, तर दक्षिण आफ्रिकेच्या जीएल आणि जीएमएची ४-८-२+२-८-४. दोन गाड्यांच्या आतल्या बाजूला, बॉयलरखालच्या मोकळ्या जागेकडे, लहान चाकांची जोडी आहे की नाही, एवढे पाहिले तरी गोंधळ टळतो.

खरी कसोटी पुढे आहे. १९२०च्या दशकात त्याच देशाने ‘मॉडिफाइड फेअरली’ नावाची इंजिनेही घेतली होती, ज्यांत नॉर्थ ब्रिटिश कंपनीचा एफडी आणि हेन्शेलचा एचएफ हे वर्ग येतात. लांबून ती हुबेहूब गॅरट वाटतात. सरळ मार्गावर टिपलेल्या छायाचित्रात त्यांना वेगळे काढणे कठीण, म्हणून वळणावरचे छायाचित्र शोधावे. वळणावर गॅरटची पुढची टाकी बॉयलरची रेघ सोडून रुळांसोबत वळते, कारण ती चाकांच्या गाडीवर बसलेली असते. फेअरलीत टाकी, बॉयलर आणि कोळसा एकाच चौकटीवर असल्यामुळे वरचा सगळा भाग सरळ राहतो आणि केवळ खालची चाके वळतात. त्यातही मॅफाय कंपनीच्या ‘युनियन गॅरट’ इंजिनांत पुढचा भाग गॅरटचा आणि मागचा फेअरलीचा आहे; ते पाहून मी बराच काळ दोन वेगळ्या इंजिनांची छायाचित्रे जोडली गेली असावीत असे समजत होतो.

जाता जाता एक गोष्ट: जीएमए इंजिनाला जोडलेली लांबट टाकी पाहून ‘तेलावर चालणारे इंजिन’ असे लिहू नये. ती जादा पाण्याची टाकी आहे, इंजिन कोळशावरच चालते.

पंचविसाव्या वर्गाचा घोळ

सर्वाधिक चुका येथे होतात, कारण एकाच वर्गाची तीन रूपे आहेत. टाऊस रिव्हर ते डे आर हा कारूच्या कोरड्या पठारावरील मार्ग पाण्यावाचून बेजार होता, म्हणून १९५३ ते १९५५ या काळात वापरलेली वाफ पुन्हा पाणी करणारी ९० इंजिने घेण्यात आली. हा वर्ग २५. त्याच सुमारास अशी सोय नसलेली ५० इंजिनेही आली, ती २५एनसी. पुढे कारूत डिझेल व वीज आल्यावर, १९७३ ते १९८० दरम्यान, वर्ग २५च्या इंजिनांतील ती यंत्रणा काढून त्यांना २५एनसी करण्यात आले. अपवाद राहिला फक्त ३५११ क्रमांकाचा.

ओळखण्याचा सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे कॅबच्या (ड्रायव्हरच्या खोलीच्या) बाजूची क्रमांकपट्टी. ३४०१ ते ३४५० हे जन्मतः एनसी, ३४५१ ते ३५४० हे जन्मतः वर्ग २५. पट्टी वाचता येत नसेल तर टेंडर पाहावे. वर्ग २५चे टेंडर इंजिनाइतकेच लांब असून त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळ्या आणि वर पंखे असतात. ती यंत्रणा काढल्यावर त्याच लांब सांगाड्यावर गोल टाकी बसवण्यात आली आणि ते बुटके, लांबलचक टेंडर पाहून तिकडच्या लोकांनी त्याचे नाव ‘व्होर्सहोंट’, म्हणजे डॅशहुंड जातीचा कुत्रा, असे ठेवले. मूळच्या एनसीचे टेंडर उंच आणि पेटीसारखे आहे. तेव्हा १९६२च्या तारखेसह व्होर्सहोंट दिसला, तर तारीख चुकीची आहे हे नक्की समजावे.

चलच्चित्रे जमवणाऱ्यांसाठी आवाजाची कसोटीही आहे. साध्या इंजिनात सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून झटक्याझटक्याने बाहेर पडते, तिच्यामुळे भट्टीला हवा ओढली जाते आणि आपली ओळखीची झुकझुक ऐकू येते. वर्ग २५मध्ये ही वाफ बाहेर पडतच नसे. स्मोकबॉक्समधील (धुराड्याखालच्या पेटीतील) पंखा फिरवून ती टेंडरमध्ये जाई आणि तेथे थंड होऊन पुन्हा बॉयलरकडे येई. पाण्याची सुमारे ९० टक्के बचत होत असे, परंतु झुकझुकीऐवजी टर्बाइनची उंच शीळ ऐकू येई. (धुरासोबत येणाऱ्या राखेच्या कणांनी त्या पंख्याची पाती झिजत, आणि यंत्रणा महाग पडण्याचे ते एक मोठे कारण होते.) कारूतील वर्ग २५च्या चित्रफितीवर जोरदार झुकझुक ऐकू आली, तर तो ध्वनी कोणीतरी नंतर चिकटवलेला आहे.

३४५० या क्रमांकाला मात्र एनसी म्हणू नये. अभियंता डेव्हिड वॉर्डेल यांनी केप टाउनच्या सॉल्ट रिव्हर कारखान्यात त्याची पुनर्बांधणी केली आणि १९८१मध्ये ते वर्ग २६ म्हणून बाहेर पडले. लाल रंगामुळे मिळालेले ‘रेड डेव्हिल’ हे नाव सर्वांना माहीत असते. त्या वर्गात ते एकटेच आहे, हे अनेकांना माहीत नसते.

१८९३ची गाडी आणि १९४०चे इंजिन

दर दोन ऑक्टोबरला आणि सात जूनला पीटरमॅरित्झबर्गच्या प्रसंगावरील लेखांसोबत एखाद्या भल्यामोठ्या इंजिनाचे छायाचित्र झळकते, आणि खाली ‘साउथ आफ्रिकन रेल्वेज’ असे लिहिलेले असते. गांधीजींना गाडीतून उतरवण्यात आले ते ७ जून १८९३ रोजी. साउथ आफ्रिकन रेल्वेज ही संस्था केप, नाताळ आणि मध्य दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वे एकत्र करून १९१०मध्ये निर्माण झाली. ती गाडी नाताळ सरकारच्या रेल्वेची होती. त्या काळी नाताळच्या मुख्य मार्गावर ग्लासगोच्या डब्स कंपनीची ४-८-२ रचनेची, बाजूला पाण्याच्या टाक्या असलेली इंजिने काम करीत. टेंडर नसलेले इंजिन चित्रात वापरणे वस्तुस्थितीच्या कितीतरी जवळ जाईल. (‘नाताळ’ हा शब्द वाचून दचकू नये. वास्को द गामा १४९७च्या ख्रिसमसच्या सुमारास त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून हे नाव पडले, आणि आपल्या सणाचे नावही त्याच पोर्तुगीज शब्दावरून आले आहे.)

दुसरी चूक प्रवासाची. ‘डर्बन ते प्रिटोरिया गाडी’ असे सरसकट लिहिले जाते, पण तेव्हा नाताळचा मार्ग सीमेवरील चार्ल्सटाउनला संपत होता. पुढे गांधीजी घोड्यांच्या टपालगाडीने स्टँडर्टनवरून जोहान्सबर्गला गेले आणि तेथून पुन्हा रेल्वेने प्रिटोरियाला. तिसरी चूक हवेची. आपल्या मनातला जून पहिल्या पावसाचा असतो. तिथला जून ऐन हिवाळ्याचा, आणि म्हणूनच सामानात अडकलेल्या ओव्हरकोटाला त्या रात्रीच्या हकिकतीत इतके महत्त्व आहे.

नावांचा हा नियम उलट बाजूनेही लागू पडतो. पहिल्या महायुद्धानंतर आजच्या नामिबियातील मार्ग साउथ आफ्रिकन रेल्वेजकडे गेले, त्यामुळे विंडहूकच्या छायाचित्रातील इंजिनावर त्या रेल्वेची पट्टी असणे ही चूक नव्हे. आजच्या झिम्बाब्वेतील इंजिनावर मात्र १९७९पूर्वी ‘ऱ्होडेशिया रेल्वेज’ असे असायला हवे.

सूर्य कोणत्या बाजूला आहे

ही चूक माझी. जॉर्ज ते नाइझ्ना (इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘क्निस्ना’ म्हणू नये, पहिला ‘के’ मूक आहे) हा किनाऱ्यालगतचा मार्ग साधारण पश्चिम-पूर्व जातो. त्या मार्गावरील एका पर्यटक गाडीचे जुलैच्या भर दुपारी टिपलेले छायाचित्र माझ्याकडे होते. वर्ग २४चे इंजिन डावीकडे निघालेले, त्याची आपल्याकडची बाजू लख्ख उजळलेली, सावली पलीकडे पडलेली. दुपारचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे छायाचित्रकार दक्षिणेला पाठ करून उभा, म्हणजे डावीकडे पश्चिम, असा हिशेब करून मी ‘जॉर्जकडे जाणारी गाडी’ असे लिहून मोकळा झालो.

महाराष्ट्रात वर्षातील बहुतेक दिवस दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. मकरवृत्ताच्या दक्षिणेला तो बाराही महिने उत्तरेकडे असतो. छायाचित्रकार उत्तरेला पाठ करून दक्षिणेकडे पाहत होता, त्यामुळे डावीकडे पूर्व येते आणि गाडी नाइझ्नाकडे निघालेली ठरते. लाजिरवाणी गोष्ट अशी, की डब्यांच्या वर, मागच्या बाजूला, समुद्राची निळसर रेघ स्पष्ट दिसत होती; त्या किनाऱ्यावर समुद्र दक्षिणेलाच आहे, हे नकाशा समोर असूनही मी ताडून पाहिले नव्हते.

ऋतू ठरवतानाही हीच सवय आड येते. किंबर्लीच्या पठारावर जुलैच्या पहाटे पारा शून्याखाली जातो, आणि त्या गार, कोरड्या हवेत वाफेचे पांढरे लोट लांबपर्यंत विरत नाहीत. असे छायाचित्र पाहून जानेवारी लिहिण्याचा मोह होतो, पण तिकडचा जानेवारी म्हणजे कडक उन्हाळा. तारखेबाबत नाइझ्नाच्या मार्गाची आणखी एक खूण उपयोगी पडते: २००६मध्ये दरडी कोसळून तो मार्ग बंद पडला, आणि त्यानंतर पर्यटक गाडी जॉर्जहून मोसेल बेच्या दिशेने धावू लागली. माझ्या छायाचित्राच्या पाठीवर निळ्या शाईत २००८ असे लिहिलेले आहे. समुद्राची रेघ आणि रुळांची जागा यांवरून मार्ग नाइझ्नाचाच ठरत असल्यामुळे ते साल मी खोडले असून त्याजागी ‘२००६ किंवा त्यापूर्वी’ असे लिहिले आहे.