पायरेनॉइड बिघडलाय का, कसं ओळखायचं
क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालात रुबिस्को, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर, पायरेनॉइड नावाच्या गोळ्यात दाटीने बसतं. त्याला बांधून ठेवतं एपिक-१ हे प्रथिन. त्यात उत्परिवर्तन केलं की मी आधी ठिपका-चाचणी लावते. पेशी मोजून सारख्या करा, दहा-दहापट पातळ करत ठिपके द्या. एक प्लेट साध्या हवेत, दुसरी ३ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. हवेतल्या थोड्याशा कार्बन डायऑक्साइडवर भागवायला पायरेनॉइड लागतो; म्हणून पेशी हवेत मरगळली, दुसरीकडे तरारली, तर संशय पायरेनॉइडवर. प्लेटमध्ये अ‍ॅसिटेट मात्र नको, ते पेशींना आयतं अन्न! पहिल्या वर्षी मी अ‍ॅसिटेटवालं टॅप माध्यमच ओतलं. सगळ्या पेशी फुकटचं खाऊन गुबगुबीत, माझा आठवडा पाण्यात. मग कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली बघा. रुबिस्कोला चमकतं प्रथिन जोडलेलं असेल, तर निरोगी पेशीत एकच ठळक ठिपका दिसतो, बिघडलेलीत उजेड हरितलवकभर पांगलेला. शेवटी मूळ जनुक परत घालून वाढ सुधारते का, तेही तपासा.