कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक सोडून जातो तेव्हा

सहायक प्रशिक्षकाने ‘पुढच्या महिन्यापासून जमणार नाही’ असं सांगितलं की बहुतेक कॉलेजांत लगेच नावांची चर्चा सुरू होते. कुणीतरी तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या फुटबॉल संघाचा, एखादा जुना खेळाडू सुचवतो, जिमखान्यात चहा होतो आणि सोमवारी सकाळी तो गळ्यात शिट्टी घालून मैदानात उभा असतो. पंधरा दिवसांनी लक्षात येतं, की गेलेला माणूस नेमकं काय काय सांभाळत होता हे कुणालाच पुरतं माहीत नव्हतं.

कोल्हापुरात ही जागा इतर गावांपेक्षा जास्त नाजूक आहे. इथल्या कॉलेज संघातली निम्मी पोरं पेठेच्या संघांकडूनही खेळतात. आज पाटाकडील आणि दिलबहार या तालमींकडून एकमेकांना भिडलेली पोरं उद्या सकाळी कॉलेजच्या एकाच जर्सीत उभी असतात. मुख्य प्रशिक्षकाला ती ‘सर’ म्हणतात आणि सहायकाला बहुतेक वेळा ‘दादा’. दुखरा घोटा, घरची अडचण, तालमीत झालेली बोलाचाली हे सगळं आधी दादाला कळतं. म्हणजे रिकामी होते ती ऐकणाऱ्या माणसाची जागा. ती भरायची तर घाई करून चालत नाही. हातात चार आठवडे असतील तर उत्तम, दोन असले तरी निभावतं.

आधी वही, मग माणूस

पहिला आठवडा जाणाऱ्या सहायकाकडून माहिती काढून घेण्यासाठी ठेवा. तो नाराज होऊन जात असेल तर हे काम पहिल्या दोन दिवसांतच उरका, कारण दिवस जातील तसा फोन उचलला जात नाही. तोंडी गप्पांवर भागवू नका. दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक खेळाडूला एक पान द्या. पानावर पाच गोष्टी हव्यात: कोणत्या जागेवर खेळतो आणि गरज पडली तर दुसरी कुठली जागा सांभाळतो, कोणत्या तालमीकडून खेळतो, गेल्या दोन हंगामांतल्या दुखापती, वर्ग, प्रात्यक्षिक आणि येण्याजाण्याच्या वेळा, आणि त्याच्याशी कसं बोललं की तो ऐकतो.

ही पाचवी ओळ लोक गाळतात आणि तिथेच फसतात. चारचौघांत ओरडलं की एखादा बचावपटू पुढची वीस मिनिटं पास द्यायलाच घाबरतो, तर दुसऱ्याला मध्यंतरात मोठ्याने सांगितल्याशिवाय जाग येत नाही. नव्या माणसाला हे स्वतःहून कळायला अर्धा हंगाम जातो. दुखापतींची नोंद मात्र खेळाडूला विचारूनच पुढे द्यावी. ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. ‘याचा गुडघा कच्चा आहे’ ही बातमी एकदा बाहेर पडली की पुढच्या सामन्यात समोरच्या संघाला ती ठाऊक असते.

वहीत न मावणाऱ्या गोष्टीही असतात, उदाहरणार्थ कॉर्नर किकची मांडणी. जाणाऱ्या सहायकाला शेवटच्या आठवड्यात एकदा मैदानात घेऊन जा आणि अकरा जणांना त्याच्याकडून चालत चालत जागांवर उभं करून घ्या: जवळच्या खांबाला कोण, लांबच्या खांबाला कोण, उंच हेडर मारणाऱ्याला कोण धरणार, डीच्या, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टी चौकटीच्या, बाहेर परत आलेल्या चेंडूवर कोण. गोलमागच्या उंच जागेवरून मोबाइलवर चित्रण करा. आपला कॉर्नर, समोरच्याचा कॉर्नर, डीजवळची फ्री किक आणि लांब थ्रो-इन, असे चार तुकडे पुरतात. प्रत्येक तुकडा दीड-दोन मिनिटांचा असेल, पण तो नसला की नव्या माणसाच्या पहिल्याच सामन्यात दोन बचावपटू एकाच खांबाला जातात आणि लांबचा खांब मोकळा राहतो.

त्याच दिवशी सामानही मोजून घ्या: चेंडू, खुणेचे कोन, बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालायची रंगीत बंडी), पंप, सुया, प्रथमोपचार पेटी, खोलीच्या किल्ल्या. पंपाला हवा मोजायचं मीटर नसेल तर ते आत्ताच घ्या. नियमाप्रमाणे पाच नंबरच्या चेंडूचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम आणि हवा 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे साधारण 8.5 ते 15.6 पीएसआय लागते. अंगठ्याने दाबून हवा ठरवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्यामुळे सरावाचा चेंडू मऊ आणि सामन्याचा दगड, असं होतं आणि पोरांचे पहिले दहा पास लांब जातात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपदही याच दिवशी बदला.

नेमकी जागा कोणती

वही पूर्ण झाली की गेलेला माणूस काय करत होता ते दिसतं. तो गोलरक्षकांचा सराव घेत होता, की शारीरिक तंदुरुस्ती बघत होता, की बचाव फळी बसवत होता? जाहिरातीत नुसतं ‘सहायक प्रशिक्षक पाहिजे’ लिहू नका, हे काम लिहा. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गोलरक्षक घडवणारा माणूस जाऊन त्याच्या जागी एखादा जुना आघाडीपटू आल्यावर. मग गोलरक्षकाचा सराव म्हणजे आघाडीच्या पोरांनी रांग लावून मारलेले फटके, एवढाच उरतो. फटके अडवणं त्याच्या कामाचा एक भाग झाला. पाय हलवून जागा घेणं, उंच चेंडूला कधी बाहेर यायचं हे ठरवणं, हात-पायांनी चेंडू वाटणं, यांपैकी काहीच त्या रांगेत शिकता येत नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू असताना माणूस गेला असेल तर कायमची नेमणूक हंगामानंतर करा. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं या स्पर्धांत उतरतात. एक फेरी संपून दुसरी लागेपर्यंत मध्ये किती दिवस मिळतील याची खात्री नसते. तेवढ्यापुरता कॉलेजचाच अलीकडे उत्तीर्ण झालेला एखादा शांत डोक्याचा खेळाडू घ्या. मात्र त्याला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर हंगामानंतर एक चांगला माणूस दुखावून बसतो.

कागद आणि पेठ

अर्जांमध्ये साधारण तीन प्रकारची माणसं येतात. बी.पी.एड. किंवा एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदव्या घेतलेल्याला शरीर आणि सरावाचा ताण कळतो. भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा डी किंवा सी परवाना असलेल्याला सत्राची आखणी जमते. पेठेच्या संघातून पंधरा वर्षं खेळलेल्याला मैदान आणि माणसं कळतात. तिन्ही एकाच माणसात क्वचित मिळतात, म्हणून मुख्य प्रशिक्षकाकडे जे कमी आहे ते सहायकात बघावं. परवान्याची झेरॉक्स पुरेशी नाही. मूळ प्रमाणपत्र बघा, क्रमांक टिपा आणि पडताळून घ्या.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला प्रत्येकाकडून घ्यावाच. ज्युनिअर कॉलेजची बरीच मुलं-मुली अठराच्या आतली असतात आणि त्यांना बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. मुलींचा संघ असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीची माहिती नव्या प्रशिक्षकाला आणि खेळाडूंना, दोघांनाही द्या. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर महिला शिक्षक असणं आणि प्रशिक्षकाने कुठल्याही खेळाडूशी बंद खोलीत एकट्याने न बोलणं, हे दोन नियम नेमणूकपत्रातच लिहा.

आता पेठेचा प्रश्न. कोल्हापुरात फुटबॉल जाणणारा आणि कुठल्याच तालमीशी नातं नसलेला माणूस शोधायला निघालात तर हंगाम संपेल. मुलाखतीत सरळ विचारा, ‘तुम्ही कुठल्या संघाकडे आहात? यंदा त्यांचं काही काम बघताय का?’ तालमीचं नाव ऐकून कुणाला नाकारू नका, पण त्याच बैठकीत तीन गोष्टी पक्क्या करा. अंतिम अकरा मुख्य प्रशिक्षकच ठरवणार. कॉलेजच्या खेळाडूला तालमीत ओढण्याची बोलणी कॉलेजच्या मैदानावर होणार नाहीत. खेळाडूंच्या वहीतला मजकूर तालमीत जाणार नाही. जो माणूस हे ऐकून मोकळेपणाने ‘बरोबर आहे सर’ म्हणतो आणि स्वतःहून एखादी अडचण सांगतो, त्याच्याशी पुढे बोलावं. ‘आपल्यात असलं काही नसतंय’ म्हणून विषय उडवणाऱ्याबरोबर पुढे हमखास अडचण येते.

मैदानावरची चाळीस मिनिटं

मुलाखत अर्ध्या तासात आटोपा आणि वेळ मैदानावर द्या. प्रत्येक उमेदवाराला आदल्या दिवशी एकच विषय कळवा: समोरचा संघ पुढे येऊन दाबत असताना आपल्या गोलरक्षकापासून चेंडू मधल्या फळीपर्यंत कसा न्यायचा. सगळ्यांना सामान तेवढंच द्या, म्हणजे अठरा खेळाडू, त्यांत दोन गोलरक्षक, आठ चेंडू, बारा कोन आणि नऊ बिब. वेळ चाळीस मिनिटं. दिवस वेगवेगळे ठेवा, पण खेळाडू तेच असू द्या. सकाळी लवकर घ्या आणि गाजावाजा करू नका. आपल्याकडे सरावालाही शौकीन जमतात आणि कट्ट्यावरून शेरे सुरू झाले की उमेदवार पोरांऐवजी कट्ट्याकडे बघून शिकवू लागतो.

एकाने फक्त घड्याळ धरावं. चेंडू प्रत्यक्ष खेळात असेल तेवढीच मिनिटं मोजायची. चाळीसपैकी पंचवीसच्या वर गेली तर आखणी चांगली. पंधराच्या आसपास अडकली तर बाकीचा वेळ कोन मांडण्यात, रांगेत आणि भाषणात गेला, हे उघड आहे. चांगला प्रशिक्षक पहिला खेळ चालू असतानाच बाजूला दुसऱ्याचे कोन मांडून ठेवतो. खेळ थांबवला तर अर्ध्या मिनिटात एकच गोष्ट सांगतो, ती खेळाडूकडून करून घेतो आणि पुन्हा शिट्टी देतो.

विसाव्या मिनिटाला ठरवून एकाला बाजूला घ्या, ‘पाय आखडलाय’ म्हणून. रोजच्या सरावात हे होतच असतं. नवास नऊची आखणी एका बाजूने मोडल्यावर तो काय करतो ते बघा. कुणी नवव्याला बाहेर बसवतो, कुणी गोंधळून सगळ्यांना नुसतं पळायला लावतो. कसलेला माणूस क्षणभर थांबतो, मोकळ्या उरलेल्या एकाला वेगळ्या रंगाचा बिब देतो आणि ‘ज्यांच्याकडे चेंडू, त्यांच्याकडून तू’ असं सांगून खेळ सुरू ठेवतो. बाजूला बसलेल्याकडे जाऊन त्याने पायाला काय झालं ते विचारलं का, हेही टिपा. ऐकणारा माणूस शोधत असल्याने या नोंदीला मी सगळ्यात जास्त वजन देईन.

जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात पाणी असेल तर चाचणी रद्द करू नका. बास्केटबॉलच्या कोर्टवर दहा खेळाडू घेऊन तोच विषय द्या. कमी जागेत आखणी बदलता येते की नाही, तेही त्यातून कळतं.

नंतर कर्णधाराला आणि दोन-तीन खेळाडूंना वेगवेगळं बोलावून विचारा: काय नवं कळलं, कुठे कळलं नाही, याच्याशी दुखापतीबद्दल बोलाल का? मतदान घेऊ नका, नाहीतर निवड पेठेवर जाते.

नेमणूक

नेमणूकपत्र पहिल्या सरावाच्या आधी हातात पडायला हवं. त्यात मुदत, आठवड्याचे दिवस आणि वेळा, मानधनाची रक्कम आणि तारीख, बाहेरगावचा प्रवास आणि जेवण, अपघात विमा आणि तो कुणाला उत्तरदायी आहे, एवढं असू द्या. मानधनाला संस्थेची मंजुरी आधीच घ्या. चांगले सहायक मध्येच सोडून जातात त्याचं नेहमीचं कारण रक्कम कमी असणं हे नसतं. ती चार-चार महिने अडकते, हे असतं.

पहिले तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात त्याने फक्त बघावं, नावं पाठ करावीत आणि वही वाचावी. दुसऱ्या आठवड्यात वॉर्मअप त्याच्याकडे द्या. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम त्यासाठी सोयीचा आहे: आठ मिनिटं हळू धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगाने धावणं. मधली दहा मिनिटं कंटाळवाणी वाटतात म्हणून गाळली जातात आणि दुखापती टाळण्याचं बरंचसं काम त्याच भागात होतं. उडीवरून उतरताना गुडघा आत वळतोय का, हे प्रत्येकाचं बघायला त्याला सांगा. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या विषयाची वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण त्याची. कॉर्नरची मांडणी मात्र पहिल्या तीन आठवड्यांत बदलू देऊ नका, ती कितीही सुधारण्यासारखी असली तरी.

कोण कुठे किती मिनिटं खेळला याचा तक्ता पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे हवा. रविवारी शाहू स्टेडियमवर तालमीकडून नव्वद मिनिटं खेळलेल्या पोराला सोमवारी सकाळी पळवायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं हलकं चालणं-धावणं, स्ट्रेचिंग आणि घरी. हे जमायचं तर सहायकाला तालमींच्या प्रशिक्षकांना फोन करता आला पाहिजे आणि त्यांनी तो उचलला पाहिजे. पेठेचं नातं इथे कामाला येतं.

सामन्याच्या दिवशी बाकावरची कामं आधी वाटून घ्या. नियमानुसार टेक्निकल एरियातून, म्हणजे बाकाभोवतीच्या आखलेल्या जागेतून, एका वेळी एकालाच डावपेचाच्या सूचना देता येतात. 2019 पासून प्रशिक्षकांनाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बाकावरून कुणी वावगं बोललं आणि कोण बोललं ते पंचांना कळलं नाही, तर कार्ड तिथे असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला मिळतं. म्हणून उभं राहून बोलायचं सरांनी. सहायकाने राखीव खेळाडूंना तयार ठेवायचं, बदलाची चिठ्ठी भरायची आणि आत जाणाऱ्याला कॉर्नरला त्याची जागा कोणती ते कागदावर दाखवायचं. शेवटची शिट्टी झाली की मैदान सोडण्यापूर्वी कोण किती मिनिटं खेळला आणि कुणाला काय लागलं, हे त्याच वहीत लिहायचं.