मोटरहोम घेऊन कोकणातले वाडे बघायचेत? मग गाडी वेशीवर ठेवायला शिका

पहिलीच गोष्ट सांगतो, मोटरहोम थेट वाड्याच्या दारात लावायची, झोपाळ्यावर बसून फोटो काढायचा आणि रात्री तिथेच अंगणात झोपायचं असं काही डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. कोकणातली जुनी घरं ज्या आळ्यांमध्ये आहेत त्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत, दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे (म्हणजे दगडी कुंपणं), वरून आंब्या-फणसाच्या फांद्या आणि त्याच्यात लोंबणाऱ्या वायरी. आम्ही सहा जण आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली भाड्याची गाडी, छतावर एसी धरून उंची दहा फुटाच्या आसपास. दुसऱ्याच दिवशी मॅपने एका वाडीत घुसवलं आणि गाडी अशी अडकली की पुढे फांदी, मागे वळण. शेवटी समोरच्या घरातले काका कोयती घेऊन आले, आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार, तर त्यांनी स्वतःच्याच झाडाची फांदी तोडून दिली आणि वर विचारलं की बाबांनो एवढं घर पाठीवर घेऊन कशाला फिरताय.

तर नियम एकच, गाडी वेशीवर. देवळाचं पटांगण, शाळेचं मैदान (सुट्टी असेल तरच), एसटी स्टँडच्या जवळची मोकळी जागा, नाहीतर ज्या घरगुती राहायच्या ठिकाणी आवार मोठं आहे तिथे आधी फोन करून गाडीची लांबी आणि उंची सांगायची आणि जागा ठरवायची. तिथून पुढे चालत किंवा रिक्षाने. देवळाच्या पटांगणात लावायची असेल तर गुरवांना किंवा पुजाऱ्यांना विचारूनच, आणि रात्री तिथे चिकन शिजवू नका हे वेगळं सांगायला लागू नये पण सांगतो.

आता रूट. आम्ही पुण्याहून ताम्हिणीने उतरलो, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. घाट उतरताना लहान गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, आतलं पाणी, सिलेंडर, सामान धरून ही गाडी जड असते. (मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट आहे, तिथून अलिबाग-मुरूड करत या. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा खासगी आहे, आत सोडत नाहीत, रस्त्यावरून बघायचा आणि पुढे सरकायचं.) श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव, बाळाजी विश्वनाथ इथलेच. भव्य वाडा बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, स्मारक आहे, अर्धा तास पुरे.

तिथून हरिहरेश्वरजवळ बागमांडला, जंगलजेटीने (म्हणजे गाड्यांसकट खाडीपार नेणाऱ्या बोटीने) पलीकडे वेसवी. इथे थोडं थांबून सांगतो कारण मोटरहोमवाल्यांची खरी परीक्षा जेटीवर होते. पाणी भरलेलं असेल तर बोटीची फळी जवळजवळ सपाट बसते, ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि मागची चाकं खूप मागे नसलेल्या लांब गाडीचं शेपूट घासतं. आमच्या गाडीच्या खाली मागच्या बाजूला मोरीच्या पाण्याचा पाईप होता, तो तिथेच शहीद झाला, पुढचे दोन दिवस भांडी बाहेर बादलीत. म्हणून भरतीची वेळ बघून जा. जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती मोठी पण ओहोटीही खोल. बोटीवर चढवताना सगळ्यांनी उतरायचं, सिलेंडर बंद करायचा, कपाटांना खिट्ट्या लावायच्या आणि खलाशी जसा हात करेल तसंच करायचं, मित्रांनी चारी बाजूंनी ओरडायचं नाही. एकच जण सांगणार, बाकीचे गप.

वेसवीला उतरलात की वेळास जवळ आहे, नाना फडणवीसांचं गाव. पुढे केळशी-आंजर्ल्याचा किनाऱ्याचा रस्ता बाईकवाल्यांसाठी स्वर्ग आहे पण या गाडीला नको, आम्ही मंडणगडवरून आतल्या रस्त्याने दापोली गाठली आणि वाटेत पालगडला साने गुरुजींचं घर बघितलं. वाडा नाहीये तो, साधं कोकणी घर. पण आधी असं घर बघितलेलं असलं की मग मोठे वाडे कळतात, कारण मांडणी तीच, फक्त आकार वाढलेला. खळं, पडवी, ओटी, माजघर, मागचं दार, विहीर. छपराचा उतार बघा, पागोळ्या किती खाली येतात बघा, पावसाने भिंत भिजू नये म्हणून सगळा खटाटोप. खाली जांभ्या दगडाचं उंच जोतं, तेही पाण्यासाठीच. हे एकदा डोळ्यात बसलं की प्रत्येक घरात आपोआप शोधायला लागतो माणूस.

दाभोळ-धोपावे जेटीने गुहागर, मग तवसाळ-जयगड जेटी, मग गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंडला केशवसुतांचं घर. इथे घाई करू नका, घर जुन्या पद्धतीने नीट राखलंय आणि आवारात दगडांवर कविता कोरल्यात, आमच्यातल्या ज्याने शाळेनंतर कविता वाचली नाही तोच तिथे सगळ्यात जास्त रेंगाळला.

रत्नागिरीत दोन वास्तू. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, १८५६ चा जन्म. आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, आणि हा राजवाडा बांधून झाला १९१० ला. १९१६ मध्ये राजा गेला. म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्याच्या बंगल्यात आणि स्वतःच्या राजवाड्यात जेमतेम सहा. हे आधी माहीत असेल तर त्या नक्षीच्या लाकडी खिडक्यांकडे बघताना वेगळंच वाटतं, नाहीतर मग नुसती लाल बिल्डिंग. संध्याकाळी जवळच्या थिबा पॉईंटवर जा, भाट्याची खाडी दिसते. सरकारी म्युझियमं बहुतेक सोमवारी बंद असतात, सोमवार प्रवासाला ठेवा.

खासगी वाड्यांचं मात्र वेगळं गणित आहे. तिथे तिकीट नसतं, घरात माणसं राहतात. दुपारी एक ते चार कोणाच्या दारात उभं राहू नका. आधी जिथे उतरलाय तिथल्या मालकांकडून किंवा नाक्यावरच्या दुकानदाराकडून निरोप पाठवा, सहाच्या सहा जण एकदम जाऊ नका, दोघांनी पुढे व्हायचं आणि "काका, घर बघायचं होतं, चालेल का" एवढंच विचारायचं. चपला खाली, ओटीवर बसायचं, माजघर आणि देवघर त्यांनी बोलावलं तरच. पैसे काढून देऊ नका, अपमान वाटतो. त्यापेक्षा त्यांच्याकडे कोकमाचं आगळ, आंबापोळी, कुळीथ पीठ विकायला असेल तर भरपूर घ्या, आणि जाताना पेढ्याचा पुडा न्या. आणि एक, "आता हा वाडा कोणाच्या नावावर आहे" हे चुकूनही विचारू नका. सातबाऱ्यावर वीस नावं असतात आणि त्यातले बारा एकमेकांशी बोलत नसतात. आमच्यातल्या एकाने विचारलं आणि चहा येता येता थांबला. रीलमध्ये गावाचं नाव, दाराचं कुलूप, जुनी भांडी वगैरे दाखवू नका, चोऱ्या होतात.

कधी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात घाटात दरडी येतात आणि मातीच्या आवारात ही गाडी रुतते, ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. गणपतीत हायवेवर चाकरमान्यांची गर्दी, तेव्हा तर नकोच. शिमग्याला पालखी घरोघर येते आणि बंद वाडे उघडतात, तेव्हा बघण्यासारखं असतं, पण गावात ओळख असेल तरच.

गाडीतल्या संसाराबद्दल थोडक्यात. शंभर लिटरची टाकी सहा जणांना एका सकाळी संपते, म्हणून आंघोळी मुक्कामाच्या घरी, गाडीतलं पाणी फक्त भांडी आणि तोंड धुवायला. एसी बॅटरीवर रात्रभर चालत नाही, पंधरा अँपिअरचा प्लग मिळेल का हे बुकिंगलाच विचारा आणि लाईट जाणार हे धरून चाला. टॉयलेटची टाकी वहाळात किंवा किनाऱ्यावर रिकामी करायचं पाप करू नका, मुक्कामाच्या ठिकाणी विचारून संडासातच ओता, आणि ते काम कोणाचं हे निघायच्या आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. आम्ही नाही ठरवलं, तिसऱ्या दिवशी दोघांचं बोलणं बंद. ड्रायव्हरला बरा बिछाना द्या, दुसऱ्या दिवशी घाट तो चढवणार आहे.

शेवट सावंतवाडीला करा. मोती तलावासमोर राजवाडा, दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवताना बघायला मिळतं. गोल पत्ते, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा असे १२०. ही कला संपत आली होती, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ती पुन्हा उभी केली. निघताना चितार आळीत लाकडी खेळणी घ्या, गाडीत जागा असतेच.

परत निघायच्या आधी एखाद्या सर्व्हिस सेंटरला खालून पाण्याचा फवारा मारून घ्या, रेती आणि खारं पाणी चेसिसला खातं, आणि डिपॉझिट परत घेताना मालक पहिल्यांदा वाकून तिथेच बघतो.