ॲमेझॉनची बोट ठरवताना आधी पाणी बघा

पेरूमधली ॲमेझॉनची सफर ठरवताना लोक केबिन कशी आहे ते विचारतात. मी म्हणते, आधी नदीला पाणी किती असेल ते विचारा. साधारण डिसेंबर ते मे नदी फुगलेली असते. छोटी होडी सरळ बुडालेल्या जंगलात शिरते, झाडांचे शेंडे जवळ येतात. माकडं आणि स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा अतिशय संथ प्राणी) बघायचे तर हेच दिवस. जून ते नोव्हेंबर पाणी उतरतं, वाळूचे काठ उघडे पडतात, पाणपक्षी आणि केमन मगरी दिसतात, जंगलात पायी हिंडता येतं. मला विचाराल तर भरलेली नदीच.

सफरीसाठी आधी इकितोस शहर गाठायचं. तिथे बाहेरून रस्ताच नाही, लिमाहून विमानाने जायचं. बऱ्याच बोटी तिथून १०० किलोमीटरवरच्या नौता गावातून सुटतात. तिथेच जवळ मारान्योन आणि उकायाली मिळतात, आणि या दोन नद्यांच्या मधे पकाया-सामिरिया हे २०,००० चौरस किलोमीटरहून मोठं राखीव जंगल आहे.

मोठी बोट राहण्याजेवण्यापुरती. प्राणी दिसतात ते होडीतून, त्यामुळे पहाटेची फेरी अजिबात चुकवू नका. ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण माणशी एक हवी. दोघांत एक घेतलीत की नेमकं दिसतं तेव्हा ती दुसऱ्याच्या गळ्यात असते. स्लॉथसाठी सेक्रोपियाची झाडं धुंडाळा: फिकट खोड, विरळ फांद्या, मोठाली पानं. बेचक्यात वाळवीच्या घरट्यासारखा गोळा दिसला तर दुर्बीण लावून थांबा. कधीकधी तोच गोळा सावकाश हात लांबवतो! गुलाबी डॉल्फिनसाठी उपनदी मिळते तिथे इंजिन बंद करायला सांगा. ती फारशी उड्या मारत नाही. आधी फुस्स असा श्वास ऐकू येतो, मग पाठ दिसते.

गावात गेलात की घाई करू नका. चाम्बिरा ताडाच्या कोवळ्या पानाचे तंतू काढून बायका मांडीवर दोरा वळतात, हळदीने पिवळा रंगवतात, त्याच्या टोपल्या विणतात. टोपली विणणारीच्याच हातून घ्या, घासाघीस नको, सोलच्या (हे पेरूचं चलन) सुट्या नोटा जवळ ठेवा. फोटो विचारूनच काढा.

कुणी स्लॉथचं पिल्लू तुमच्या हातात द्यायला आलं तर पैसे देऊ नका, फोटोही काढू नका. ते जंगलातून ओढून आणलेलं असतं, आणि आपल्या फोटोच्या पैशांवर पुढचं आणलं जातं. बोट अशा ठिकाणी थांबते का, हे बुकिंग करतानाच विचारा. हो म्हणाले तर दुसरी बोट बघा.