लायपोसोमल अँफोटेरिसिन वॉर्डात कसं बनवायचं आणि द्यायचं

2021 ला म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या वेळी महाराष्ट्रभर नातेवाईक बुरशीवरच्या ह्या इंजेक्शनसाठी एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये पळत होते. आता ते मिळतं, पण बनवताना घाई झाली की एवढं महागडं औषध फुकट जातं, म्हणून नवीन सिस्टर आणि फार्मसीतल्या पोरांसाठी हे लिहितेय.

आधी व्हायलवरचं पूर्ण नाव वाचा. म्युकरला लायपोसोमलचा डोस रोज किलोमागे 5 ते 10 मिग्रॅ असतो आणि साध्या अँफोटेरिसिनचा जेमतेम 1 ते दीड, म्हणजे लायपोसोमलचा डोस चुकून साध्या व्हायलमधून गेला तर पेशंट जीवानिशी जाऊ शकतो. ऑर्डरमध्ये नुसतं 'अँफो' लिहिलं असेल तर डॉक्टरांना फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी करा.

लायपोसोमलमध्ये औषध 100 नॅनोमीटरहून लहान अशा चरबीच्या गोळ्यांत बसवलेलं असतं, त्यामुळे किडनीला त्रास बराच कमी होतो आणि एवढा मोठा डोस झेपतो. तेव्हा बनवताना सगळी काळजी ह्या गोळ्यांचीच घ्यायची.

50 मिग्रॅच्या पावडरवाल्या व्हायलमध्ये 12 मिली स्टराइल वॉटर घाला, लगेच अर्धा मिनिट जोरजोरात हलवा, नुसतं गोल फिरवून भागत नाही, गुठळी राहिली तर परत हलवा. पिवळसर आणि अर्धवट पारदर्शक दिसायला हवं. पावडरची जागा धरून मिलीला 4 मिग्रॅ होतं, म्हणजे 60 किलोच्या पेशंटला 5 च्या हिशोबाने 300 मिग्रॅ, सहा व्हायल, 75 मिली. मग सोबतच्या 5 मायक्रॉन फिल्टरमधून डी-फाइव्हच्या (5 टक्के डेक्स्ट्रोजच्या) बाटलीत सोडा. एनएस (नॉर्मल सलाइन) अजिबात नको, त्यात औषध खाली बसतं, आणि आधी त्याच लाइनमधून एनएस गेलं असेल तर ती डी-फाइव्हने फ्लश करा नाहीतर वेगळी लाइन घ्या. ब्रँड बदलला की लीफलेट परत वाचायचंच, कारण मुंबईच्या केईएममध्ये ज्यावर काम झालं ते आपलं देशी लायपोसोमल तयार सस्पेन्शन म्हणून येतं, त्याची पद्धत वेगळी.

पहिल्यांदा देताना 1 मिग्रॅ दहा मिनिटांत सोडून अर्धा तास पेशंटजवळ थांबा, थंडी वाजते का, दम लागतो का, कंबर दुखते का ते विचारा. ठीक असेल तर मोठा डोस दोन तासांत.

किडनीसाठी क्रिएटिनिन, शिवाय पोटॅशियम, मॅग्नेशियम नियमित बघायचं, आणि पोटॅशियम घसरतंय असं दिसलं की पुढच्या राउंडची वाट न बघता लगेच कळवायचं.