लॅम्प चाचणीसाठी स्वस्त हीटर बनवताय? या चुका टाळा

पीसीआर आणि लॅम्प या दोन्ही चाचण्या नमुन्यातल्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखतात. पीसीआरला ९५ अंशांपासून सारखं खाली-वर जावं लागतं. लॅम्पला ६५ अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास एकसारखी उष्णता पुरते. त्यामुळे पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सामानातूनही हीटर उभा राहतो. पण उभा राहणं वेगळं, भरवशाचा असणं वेगळं.

सगळ्यात मोठी गफलत म्हणजे डिस्प्लेवर ६५ दिसले की चाचणीच्या नळीतही ६५ आहे असं धरून चालणं. सेन्सर चिकटवलेला असतो हीटरला, आणि २५ मायक्रोलिटर द्रव असतो प्लास्टिकच्या पलीकडे. त्यात ०.२ मिलीची नळी खाली निमुळती, आणि आपण ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला सरळ भोक पाडतो. नळी वरच्या कडेला टेकते, खाली नुसती हवा. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून टेपर, म्हणजे नळीसारखं निमुळतं, भोक करून घ्या. मग नळीत तेवढंच पाणी, वर मिनरल ऑइलचा थर, आणि बारीक थर्मोकपल (तारेसारखा तापमान-सेन्सर) बुडवून आतलं तापमान बघा.

फरक दिसला की सेटिंग तेवढंच वाढवून मोकळे होऊ नका. समजा, मे महिन्यात खोलीत ३२ अंश असताना नळी ३ अंश मागे राहते. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत तीच साडेचार अंश मागे पडेल. म्हणून सेन्सर नळीशेजारी ठोकळ्यातच बसवा आणि भोवती सिलिकॉन फोम गुंडाळा.

तापायला वेळ लागतोय? ठोकळा जड असेल. ४० ग्रॅम ॲल्युमिनियम २५ वरून ६५ वर न्यायला १० वॅटमध्ये जेमतेम अडीच मिनिटं लागतात, गळती सोडून. १२० ग्रॅमला तिप्पट.

पॉवर बँकवर चालवताना मध्येच सगळं बंद पडतं? ठोकळा तापला की हीटर थांबतो, करंट घटतो, आणि फोन चार्ज झाला असं समजून पॉवर बँक झोपते. दीर्घ चालू-बंदऐवजी वेगवान पीडब्ल्यूएम (सेकंदात अनेकदा चालू-बंद करणं) वापरा. तरीही झोपली तर छोटा रेझिस्टर कायम जोडून ठेवा.

मॉस्फेट, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, चटका देतोय? ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डच्या ३.३ व्होल्टवर आयआरएफझेड४४एन हा मॉस्फेट पुरता उघडत नाही. लॉजिक लेव्हलचा, म्हणजे एवढ्या कमी व्होल्टवर उघडणारा घ्या.

निगेटिव्ह कंट्रोलही (मुद्दाम नमुना न घातलेली नळी) पॉझिटिव्ह येतोय? हीटर खोलत बसू नका. वापरलेल्या नळीचं झाकण त्याच टेबलावर कुणी उघडलं, ते आधी विचारा; त्यातला डीएनए नव्या नळ्यांत शिरतो.

आणि थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) गाळू नका. मॉस्फेट शॉर्ट झाला तर हीटर चालूच राहतो, कोड काहीच करू शकत नाही. साधारण ७७ अंशांचा फ्यूज ठोकळ्याला टेकवून लावा. मात्र त्याच्या पायांना सोल्डर करू नका, क्रिंप करा. सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो.