पॅसिफिका वस्त्यांमधील आरोग्य-संशोधन : स्वयंसेवक म्हणून जाण्यापूर्वी

बीडीएस, बीएएमएस किंवा फार्मसी करून सार्वजनिक आरोग्य शिकायला ऑकलंडला येणारे आपले अनेक विद्यार्थी पहिल्याच सत्रात माङेरे, ओटारा अशा दक्षिणेकडच्या, पॅसिफिका (म्हणजे मूळच्या प्रशांत महासागरातील बेटांच्या) लोकांची वस्ती असलेल्या उपनगरांतील एखाद्या आरोग्य-संशोधन प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून नाव देतात. इथल्या कामाचा अनुभव नसेल, तर मुलाखतीत आपल्या पदवीला कोणी विचारत नाही, हे त्यामागचे कारण आहे. मीही त्याच गरजेपोटी गेले आणि त्या गरजेची लाज बाळगावी असे मला वाटत नाही. मात्र ज्यांच्या घरी आपण प्रश्नावली घेऊन जातो, त्यांना आपल्या बायोडेटाशी काही देणेघेणे नसते.

२०२३च्या जनगणनेनुसार न्यूझीलंडमध्ये पॅसिफिका लोकांची संख्या सुमारे ४ लाख ४२ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ८.९ टक्के आहे. सामोअन, टोंगन, कुक बेटांचे, निउएचे अशा प्रत्येक समाजाची भाषा आणि रीत वेगळी आहे. फिजीहून आलेल्या गिरमिटियांच्या (ब्रिटिश काळात करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) वंशजांची हिंदी कानावर पडली की आपल्याला चटकन जवळीक वाटते, पण सरकारी आकडेवारीत ते आशियाई गटात मोजले जातात. त्यामुळे अर्जावरचा वंशाचा रकाना चेहरा किंवा आडनाव पाहून भरू नये, विचारूनच भरावा.

खरी गोम आहे ती सहज मिळणाऱ्या होकारात. त्यात मीही अडकले होते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगते. चर्चमधली रविवारची प्रार्थना संपल्यावर पाद्री उभे राहून सांगतात की, ही मुले विद्यापीठातून आली आहेत, त्यांना मदत करा. मग सभागृहातल्या टेबलासमोर रांग लागते, संमतिपत्रावर भराभर सह्या होतात आणि सगळे किती सुरळीत चालले आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या सहीमध्ये पाद्रींचा मान असतो, पाहुण्याला रिकाम्या हाताने न पाठवण्याची रीत असते आणि चारचौघांत नकार देण्याचा संकोच असतो. रक्ताचा नमुना कुठे ठेवला जाईल आणि त्यावर पुढे कोणत्या चाचण्या होतील, हे समजून दिलेली संमती त्यात असेलच असे नाही. प्रत्येक प्रश्नाला मान खाली घालून एकच 'हो' येत असेल, तर तिथे थांबावे. आजीसाठी नातू दुभाष्याचे काम करत असेल, तर आणखी लवकर थांबावे, कारण गोळ्या परस्पर बंद केल्याचे किंवा लघवीच्या त्रासाचे ती नातवासमोर सांगणार नाही.

यावर उपाय आहे, पण तो वेळखाऊ आहे. माणसाला रांगेतून बाजूला घेऊन त्याच्या भाषेत माहिती द्यावी, कागद घरी नेऊ द्यावा, नकार दिल्यास तो पाद्रींना कळणार नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि सही दुसऱ्या दिवशी घ्यावी. जे परत येणार नाहीत, त्यांना फोन करून भंडावू नये. सहभागींची संख्या घटेल आणि प्रकल्पप्रमुख नाराज होतील. तरीही ती घटू द्यावी.

हा संकोच कुठून येतो, हे समजण्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा. १९७०च्या दशकात पोलीस पहाटे पॅसिफिका लोकांच्या घरांत शिरून व्हिसाची कागदपत्रे मागत असत. १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी त्याबद्दल सरकारच्या वतीने ऑकलंडमध्ये औपचारिक माफी मागितली. ती दारे ठोठावली गेली तेव्हा लहान असलेली माणसे आज आपल्या प्रश्नावलीतील 'ज्येष्ठ' गटात आहेत, आणि आपला पहिलाच प्रश्न असतो की, आपण या देशात कधी आलात? तो प्रश्न शेवटी घ्यावा, आणि अभ्यासाला त्याची गरज नसेल, तर गाळण्याची विनंती करावी.

मार्गदर्शकाबद्दल माझे मत ठाम आहे. उद्घाटनाला येऊन छायाचित्रे काढून जाणाऱ्या नामवंत प्राध्यापकापेक्षा त्या समाजातील अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली काम करावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी दंडाचा घेर पाहून मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) लावायला मला अशाच एका परिचारिकेने शिकवले; कफ लहान पडला, तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि धडधाकट माणूस विनाकारण रुग्णांच्या यादीत जातो. गाउटच्या (युरिक आम्ल साठून सांधे सुजण्याच्या आजाराच्या) रुग्णाला खाण्यापिण्यावरून उपदेश करू नये, हेही तिनेच बजावले. पॅसिफिका लोकांमध्ये युरिक आम्ल साठण्याची प्रवृत्ती बरीचशी आनुवंशिक असते, आणि खाण्यावरून ऐकावे लागणाऱ्या बोलण्यांमुळे लोक औषध मागायलाही लाजतात.

आडवाटा टाळाव्यात. सांस्कृतिक जाणिवेचे ऑनलाइन प्रमाणपत्र एका दुपारी मिळते, पण त्याने कुणाच्या घराचे दार उघडत नाही. तिमोते वाइओलेती यांनी २००६ साली तालानोआ ही मोकळ्या संवादाची संशोधनपद्धत मांडली. प्रश्नांच्या यादीवरून घाईघाईने घेतलेल्या मुलाखतींना प्रबंधात तेच नाव देणे, हा माझ्या मते अप्रामाणिकपणा आहे.

उच्चारांची किंवा शाकाहाराची धास्ती मात्र बाळगू नये. नाव चुकीचे उच्चारले, तर लोक हसून नीट म्हणवून घेतात. आपण मांस खात नाही हे आधी कळवले, तर अळूच्या पानांत नारळाचे घट्ट दूध घालून भाजलेले पालुसामी आठवणीने मांसाशिवाय वेगळे करून ठेवले जाते, आणि कोकणातल्या माणसाला ते परके वाटत नाही. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जाताना वाकून 'तुलोऊ' (माफ करा) म्हणावे आणि उभ्याने बोलू नये, एवढे सांभाळले तरी सुरुवातीला पुरते.

निष्कर्ष छापण्याआधी त्याच सभागृहात, त्याच लोकांना, त्यांच्या भाषेत ऐकवायचे असतात. त्या दिवसाचे सभागृह, दुभाषी आणि जेवण यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरला आहे की नाही, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नंतर त्यासाठी पैसे मिळत नाहीत.